अमेरिकेतील मेडिकेड आणि अन्नसाहाय्य कपात : लाभ तोच, पुरावा मात्र अवघड

नवी दिल्ली : अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षरी केलेल्या ‘वन बिग ब्यूटिफुल बिल’ कायद्याची चर्चा प्रामुख्याने करसवलतींच्या अंगाने झाली. त्याच कायद्याने अल्प उत्पन्न गटासाठीच्या दोन जुन्या योजनांच्या तरतुदींना मोठी कात्री लावली आहे. मेडिकेड हा सार्वजनिक आरोग्य विमा ही त्यातील पहिली, तर ‘स्नॅप’ म्हणजेच पूरक पोषण साहाय्य कार्यक्रम ही दुसरी. अमेरिकी संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाच्या अंदाजांनुसार दहा वर्षांत मेडिकेडवरील केंद्रीय खर्च सुमारे ९०० अब्ज डॉलरने, तर अन्नसाहाय्यावरील खर्च सुमारे १८६ अब्ज डॉलरने कमी होणार आहे. या कायद्यामुळे २०३४ पर्यंत विमाहीन नागरिकांच्या संख्येत सुमारे एक कोटीची भर पडेल, असेही या कार्यालयाने म्हटले आहे.

एवढी मोठी बचत नेमकी येणार कोठून, हा प्रश्न मात्र मागे पडला. दोन्ही योजनांतील लाभाचा मूळ दर सरकारने थेट घटवलेला नाही. स्थलांतरितांचे काही वर्ग वगळता कोणत्याही मोठ्या गटाला नाव घेऊन बाहेरही काढलेले नाही. बचतीचे मार्ग दोन आहेत. लाभ टिकवण्यासाठी द्यावयाचे पुरावे वाढवण्यात आले आहेत आणि खर्चाचा मोठा वाटा केंद्राकडून राज्यांकडे ढकलण्यात आला आहे. या कपातीचे परिणाम समजून घेण्यासाठी म्हणूनच रकमेपेक्षा कार्यपद्धतीकडे पाहावे लागते.

भारतीय वाचकाला या योजनांची तुलना आयुष्मान भारत आणि रेशनशी करण्याचा मोह होईल. ती अर्धीच खरी ठरते. मेडिकेड ही योजना अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या कारकिर्दीत, ३० जुलै १९६५ रोजी अस्तित्वात आली. रुग्णालयातील दाखल्यापुरती ती मर्यादित नाही. डॉक्टरांची भेट, औषधे, बाळंतपण आणि वृद्धाश्रमातील दीर्घकालीन शुश्रूषा हे सर्व तिच्या कक्षेत येते. अमेरिकेतील दर दहा बाळंतपणांपैकी सुमारे चार बाळंतपणांचा खर्च ही योजना उचलते. तेथील शुश्रूषागृहांत राहणाऱ्या वृद्धांपैकी निम्म्याहून अधिक जण तिच्यावर विसंबून आहेत. लाभार्थींची संख्या सुमारे सात कोटी आहे.

अन्नसाहाय्य योजनेचा इतिहास त्याहून जुना आहे. १९३९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील रोचेस्टर येथे नारिंगी व निळ्या कूपनांपासून तिचा प्रारंभ झाला. मध्यंतरी ती बंद पडली. १९६१ मध्ये अध्यक्ष जॉन केनेडी यांनी तिचे पुनरुज्जीवन केले आणि १९६४ मध्ये तिला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. या योजनेत धान्य दिले जात नाही. एटीएमसारख्या दिसणाऱ्या कार्डावर दरमहा रक्कम जमा होते आणि किराणा दुकानातून खाद्यपदार्थ घेता येतात. साबण, औषधे, लहान मुलांचे लंगोट किंवा दुकानात तयार मिळणारे गरम जेवण या कार्डावर मिळत नाही. २०२४ च्या आर्थिक वर्षात सुमारे ४ कोटी १७ लाख लोक तिचा लाभ घेत होते आणि मिळणारी रक्कम सरासरी माणशी दरमहा १८७ डॉलर, म्हणजे दिवसाला सुमारे सहा डॉलर होती.

नव्या कायद्यातील सर्वांत दूरगामी तरतूद कामाच्या अटीची आहे. २०१० च्या ‘ओबामाकेअर’ कायद्यानंतर मेडिकेडच्या विस्तारित कक्षेत आलेल्या १९ ते ६४ वयोगटातील प्रौढांना यापुढे दरमहा किमान ८० तास नोकरी, प्रशिक्षण, शिक्षण किंवा समाजसेवा करत असल्याचे सिद्ध करावे लागेल. तेरा वर्षांपर्यंतच्या मुलांचे पालक, गंभीर आजारी व्यक्ती, गर्भवती अशा काही गटांना सूट आहे. तथापि, सूट मिळण्यास पात्र असल्याचेही अनेकांना कागदोपत्री दाखवावे लागणार आहे. राज्यांना १ जानेवारी २०२७ पर्यंत ही अट लागू करणे बंधनकारक आहे. पात्रतेची फेरतपासणी आतापर्यंत वर्षातून एकदा होत असे. या गटासाठी ती दर सहा महिन्यांनी होईल. आणखी एक कलम फारसे चर्चेत आलेले नाही. कामाची अट पूर्ण न केल्यामुळे मेडिकेड गमावणाऱ्या व्यक्तीला विमा बाजारपेठेतील सरकारी अनुदानही मिळणार नाही. एक दार बंद झाले की शेजारचेही बंद व्हावे, अशी ही रचना आहे.

रिपब्लिकन पक्षाचा युक्तिवाद स्पष्ट आहे. धडधाकट व्यक्तीने काम करावे आणि सार्वजनिक पैसा अपंग, मुले व वृद्ध यांच्यासाठी राखून ठेवावा, असे पक्षाचे नेते म्हणतात. प्रतिनिधिगृहाचे सभापती माइक जॉन्सन यांनी घरी बसून व्हिडिओ गेम खेळणाऱ्या तरुणांचे उदाहरण या संदर्भात दिले होते. हे तत्त्व अमेरिकी मतदारांच्या मोठ्या वर्गाला पटणारे आहे आणि त्यात वावगे काही नाही. अडचण आकडेवारीची आहे. आरोग्य धोरणाचा अभ्यास करणाऱ्या ‘केएफएफ’ या संस्थेच्या २०२३ च्या विश्लेषणानुसार, अपंगत्वाचा भत्ता न घेणाऱ्या ६५ वर्षांखालील मेडिकेडधारक प्रौढांपैकी ६४ टक्के लोक नोकरी करतात. कुटुंबीयांची शुश्रूषा, आजारपण किंवा शिक्षण यांमुळे काम न करणारे त्यात मिळवले तर हे प्रमाण ९२ टक्क्यांवर जाते. तरीही केवळ या एका अटीमुळे पन्नास लाखांहून अधिक लोक विमाहीन होतील, असे अर्थसंकल्प कार्यालयाला वाटते. ही संख्या आळशी तरुणांच्या संख्येशी जुळत नाही. काम करूनही ते सिद्ध न करू शकणारे लोक धरल्याशिवाय हा हिशेब लागत नाही.

याचा पडताळा आर्कान्सा राज्यात आधीच आला आहे. ट्रम्प यांच्या पहिल्या कार्यकाळात, जून २०१८ मध्ये, या राज्याने ३० ते ४९ वयोगटासाठी अशीच अट लागू केली. कामाचे तास दरमहा संकेतस्थळावर नोंदवायचे होते. सुरुवातीला दूरध्वनीवरून किंवा कार्यालयात जाऊन नोंद करण्याची सोय नव्हती आणि हे संकेतस्थळ रोज रात्री ९ ते सकाळी ७ बंद असे. दिवसभर कारखान्यात किंवा शेतावर राबणाऱ्याला जी वेळ मोकळी मिळते, नेमकी तीच वेळ त्यात गेली. वर्ष संपेपर्यंत १८ हजारांहून अधिक लोकांचा विमा गेला. हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी नंतर केलेल्या पाहणीत असे आढळले की, ज्यांच्यावर ही अट लादली गेली त्यांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक लोक एकतर ती पूर्ण करत होते किंवा सूट मिळण्यास पात्र होते. रोजगारात वाढ झाल्याचे दिसले नाही. मार्च २०१९ मध्ये केंद्रीय न्यायालयाने ही योजना थांबवली.

जॉर्जियाचा अनुभव दुसऱ्या टोकाचा आहे. तेथे जुलै २०२३ पासून कामाच्या अटीसह मर्यादित मेडिकेड विस्तार सुरू आहे. पहिल्या वर्षी २५ हजार लोक येतील, अशी राज्याची अपेक्षा होती. प्रत्यक्षात सुमारे ४ हजार ३०० जण आले. आर्कान्सात अटीमुळे लोक बाहेर पडले, जॉर्जियात ते आत येऊच शकले नाहीत. भारतात अंगठ्याचा ठसा न जुळल्याने रेशन दुकानावरून रिकाम्या पिशवीने परतलेल्या वृद्धांच्या तक्रारी ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही.

अन्नसाहाय्यात कामाची अट पूर्वीपासून होती. मुले नसलेल्या प्रौढाने महिन्याला ८० तास काम दाखवले नाही, तर त्याला तीन वर्षांत केवळ तीन महिने मदत मिळते. नव्या कायद्याने या अटीची वयोमर्यादा ५४ वरून ६४ वर नेली. चौदा वर्षांवरील मुलांच्या पालकांनाही तिच्या कक्षेत आणले. माजी सैनिक, बेघर आणि अनाथालयांच्या व्यवस्थेतून बाहेर पडलेले तरुण यांना २०२३ मध्ये दिलेली सूट काढून घेण्यात आली. बेघर माणसाकडून हजेरीपत्रकाची अपेक्षा ठेवणे हा या कायद्यातील सर्वांत अनाकलनीय भाग म्हणावा लागेल. वाढीव अटीमुळे दरमहा सरासरी सुमारे २४ लाख लोक योजनेबाहेर जातील, असा अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज आहे.

खर्च राज्यांकडे ढकलण्याची पद्धत अधिक गुंतागुंतीची आहे आणि दीर्घकाळात तीच अधिक परिणामकारक ठरण्याची शक्यता आहे. आतापर्यंत अन्नसाहाय्याची संपूर्ण रक्कम केंद्र सरकार देत आले. ऑक्टोबर २०२७ पासून राज्यांना त्यांच्या ‘देयक त्रुटी दरा’नुसार वाटा उचलावा लागेल. हा दर ६ टक्क्यांपेक्षा कमी असलेल्या राज्याला काहीच द्यावे लागणार नाही. त्यापुढे टप्प्याटप्प्याने ५, १० आणि १० टक्के किंवा त्याहून अधिक त्रुटी असल्यास १५ टक्के भार राज्यावर येईल. प्रशासकीय खर्चातील राज्यांचा हिस्साही ऑक्टोबर २०२६ पासून निम्म्यावरून ७५ टक्क्यांवर जाणार आहे. २०२४ च्या आर्थिक वर्षात देशाचा सरासरी त्रुटी दर १०.९३ टक्के होता. त्रुटी म्हणजे गैरव्यवहार नव्हे. अर्जदाराने उत्पन्न चुकीचे लिहिणे, कर्मचाऱ्याने आकडेमोडीत चूक करणे, ठरल्यापेक्षा कमी रक्कम दिली जाणे, हे सर्व त्यात मोजले जाते.

सिनेटमध्ये मतांची जुळवाजुळव करताना या कलमात एक विचित्र सवलत घालण्यात आली. ज्या राज्यांचा त्रुटी दर अतिशय जास्त आहे, त्यांना हा भार दोन वर्षांपर्यंत पुढे ढकलता येतो. अलास्काचा दर २४.६६ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक होता. १ जुलै २०२५ रोजी विधेयक सिनेटमध्ये ५० विरुद्ध ५० मतांवर अडले आणि उपाध्यक्ष जे. डी. व्हॅन्स यांच्या निर्णायक मताने संमत झाले. अलास्काच्या सिनेटर लिसा मर्कोव्स्की यांनी विधेयकाच्या बाजूने मत दिले होते. परिणामी, सर्वांत ढिसाळ कारभार असलेल्या राज्याला उसंत मिळाली आणि १२-१३ टक्के दर असलेली राज्ये चौकटीत अडकली.

राज्यांना तूट ठेवून अर्थसंकल्प मांडण्याची मुभा बहुतेक ठिकाणी नाही. पैसा कमी पडला की कर वाढवणे, शिक्षणासारख्या अन्य खर्चाला कात्री लावणे किंवा लाभार्थी कमी करणे एवढेच पर्याय उरतात. त्रुटी दर खाली आणण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे संशयास्पद वाटणारा प्रत्येक अर्ज अडवणे. ज्यांचे उत्पन्न दर आठवड्याला बदलते, अशा रोजंदारीवरील कामगारांचे अर्ज त्यात आधी अडकतील.

मेडिकेडच्या बाबतीतही असेच घडणार आहे. अनेक राज्ये रुग्णालयांवर कर आकारून ती रक्कम मेडिकेडचा आपला हिस्सा म्हणून दाखवतात आणि तिच्या आधारे केंद्राकडून अधिक निधी मिळवतात. योजनेचा विस्तार केलेल्या राज्यांत या कराची कमाल मर्यादा २०३२ पर्यंत ६ वरून ३.५ टक्क्यांवर आणली जाणार आहे. टीकाकार या कराला हिशेबातील चलाखी म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. परंतु त्या चलाखीतून मिळालेल्या पैशावर ग्रामीण भागातील अनेक लहान रुग्णालये तग धरून आहेत. निधी आटला तर राज्ये प्रथम ऐच्छिक सेवांकडे वळतील. शुश्रूषागृहातील वृद्धांची देखभाल कायद्याने बंधनकारक आहे. वृद्ध किंवा अपंग व्यक्तीला घरी मिळणारी बहुतांश देखभाल ऐच्छिक आहे. कामाच्या अटीशी ज्यांचा काडीमात्र संबंध नाही, त्यांच्यापर्यंत कपात पोहोचते ती या वाटेने.

आपत्कालीन विभागात आलेल्या रुग्णाची तपासणी करून त्याची प्रकृती स्थिर करणे अमेरिकी रुग्णालयांना १९८६ च्या कायद्याने भाग आहे, मग त्याच्याकडे विमा असो वा नसो. त्यामुळे विमा गेला म्हणून रुग्ण नाहीसा होत नाही. तो उशिरा येतो आणि बिल थकते. आजवर मेडिकेड मंजूर झाल्यानंतर मागील तीन महिन्यांचा खर्चही योजनेतून मिळत असे. विस्तारित गटासाठी ही मुदत २०२७ पासून एका महिन्यावर येत आहे. ग्रामीण आरोग्यासाठी कायद्यात पाच वर्षांकरिता ५० अब्ज डॉलरचा निधी ठेवण्यात आला आहे. मेडिकेडमधील एकूण कपातीच्या तुलनेत ही रक्कम अगदीच तोकडी आहे.

दोन्ही कपातींचा स्वतंत्र विचार करणे सोयीचे असले, तरी त्या बहुतेक वेळा एकाच घरात उतरतात. आहार आणि आजार यांचे नाते तेथे सर्वांत ठळक दिसते. कॅलिफोर्नियातील रुग्णालयांच्या नोंदींचा अभ्यास करून २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अल्प उत्पन्न वस्त्यांतील मधुमेहींची तपासणी करण्यात आली. रक्तातील साखर घसरल्याने रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण महिन्याच्या पहिल्या आठवड्यापेक्षा शेवटच्या आठवड्यात २७ टक्क्यांनी अधिक आढळले. संपन्न वस्त्यांत असा फरक नव्हता. महिनाअखेरीस घरातील किराणा संपतो आणि औषधाची मात्रा मात्र तीच राहते, असे त्याचे स्पष्टीकरण संशोधकांनी दिले. ज्या रुग्णाची अन्नाची मदत आणि विमा दोन्ही जातील, त्याला औषधही मिळणार नाही.

दीर्घकालीन पुरावा मुलांच्या बाबतीत अधिक बळकट आहे. १९६१ ते १९७५ या काळात अन्नकूपन योजना अमेरिकेच्या निरनिराळ्या जिल्ह्यांत निरनिराळ्या वर्षी पोहोचली. हिलरी हॉइन्स, डायान शान्झेनबाख आणि डग्लस आल्मंड या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा उपयोग करून बालपणी मदत मिळालेल्यांची प्रौढ वयातील स्थिती तपासली. त्यांच्यात लठ्ठपणा, उच्च रक्तदाब, मधुमेह यांसारख्या विकारांचे प्रमाण कमी होते. स्त्रियांची आर्थिक स्वावलंबनाची पातळीही उंचावलेली होती. मेडिकेडबाबतचे चित्र थोडे संमिश्र आहे. ओरेगन राज्यात २००८ मध्ये सोडतीने मेडिकेड देण्यात आले, तेव्हा दोन वर्षांत नैराश्य आणि कर्जबाजारीपणा घटला, परंतु रक्तदाब किंवा साखरेच्या पातळीत ठोस फरक दिसला नव्हता. कपातीचे समर्थक या अभ्यासाचा दाखला देतात. मात्र, त्याहून कितीतरी मोठ्या लोकसंख्येवर आधारित आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अँजेला वाइस व ब्रूस मेयर यांच्या संशोधनात मेडिकेड विस्तारामुळे अल्प उत्पन्न प्रौढांच्या मृत्युदरात २.५ टक्के घट झाल्याचे आढळले.

शाळांवरील परिणाम आणखी वेगळ्या मार्गाने होईल. अन्नसाहाय्य किंवा मेडिकेडच्या यादीत नाव असलेल्या मुलांना वेगळा अर्ज न करता शाळेत मोफत जेवण मिळते. अशा मुलांचे प्रमाण पुरेसे असेल तर संपूर्ण शाळेला मोफत जेवण देता येते. पालकांचे नाव यादीतून गेले की मुलाचे आपोआप जोडले गेलेले नाव सुटते आणि शाळेचे प्रमाणही घसरते.

ही दरी धर्मादाय संस्था भरून काढतील, ही अपेक्षा व्यवहार्य नाही. अन्नपेढ्यांच्या ‘फीडिंग अमेरिका’ या जाळ्याच्या हिशेबाने त्या एक जेवण पुरवतात, तेव्हा सरकारी योजना नऊ जेवणांची सोय करते. याची झलक नोव्हेंबर २०२५ मध्ये दिसली. १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस चाललेल्या सरकारी ‘शटडाऊन’मध्ये अन्नसाहाय्याचा निधी १ नोव्हेंबरला योजनेच्या इतिहासात प्रथमच खंडित झाला. राज्ये न्यायालयात गेली, आदेश-प्रतिआदेश निघाले, काही राज्यांनी स्वतःच्या तिजोरीतून पैसे दिले आणि अन्नपेढ्यांबाहेर रांगा लागल्या. ज्या मुद्द्यावर हा पेच निर्माण झाला होता, ते विमा बाजारपेठेतील वाढीव अनुदान ३१ डिसेंबर २०२५ रोजी संपुष्टात आले. अनुदान घेणाऱ्याचा सरासरी वार्षिक हप्ता त्यामुळे ८८८ डॉलरवरून १,९०४ डॉलरवर जाईल, असे ‘केएफएफ’ने आधीच वर्तवले होते.

अमेरिकेतील भारतीयांवर याचा थेट परिणाम मर्यादित आहे. एच-१बी व्हिसावरील कर्मचारी या दोन्ही योजनांना पूर्वीपासूनच पात्र नाहीत. ग्रीन कार्डधारक प्रौढांना बहुधा पाच वर्षे थांबावे लागते; तो नियम कायम आहे. मात्र, २०२७ पासून विमा बाजारपेठेतील अनुदान मुख्यतः ग्रीन कार्डधारक आणि नागरिकांपुरते राहणार असल्याने नोकरी गमावलेल्या व्हिसाधारकाला विमा पूर्ण किमतीत घ्यावा लागेल. ज्यांना आश्रय मंजूर झाला आहे त्यांची अन्नसाहाय्याची पात्रता नव्या कायद्याने काढून घेतली आहे. मेडिकेडची पात्रता १ ऑक्टोबर २०२६ पासून संपते.

बचत झालेला पैसा कोठे जातो, याचेही उत्तर अर्थसंकल्प कार्यालयाने दिले आहे. सर्वांत गरीब दहा टक्के कुटुंबांचे वर्षाला सरासरी सुमारे १,२०० डॉलरचे नुकसान होईल आणि सर्वांत श्रीमंत दहा टक्के कुटुंबांचा सुमारे १३,६०० डॉलरचा लाभ होईल. एवढी कपात करूनही या कायद्यामुळे दहा वर्षांतील वित्तीय तूट ३.४ लाख कोटी डॉलरने वाढणार आहे. करसवलती २०२५ पासूनच सुरू झाल्या. मेडिकेडच्या कामाच्या अटीची अंतिम तारीख मात्र नोव्हेंबर २०२६ च्या मध्यावधी निवडणुकीनंतर सुमारे आठ आठवड्यांनी येते. हा केवळ योगायोग असल्याचे मानणारे वॉशिंग्टनमध्ये फारसे कोणी सापडणार नाही.

दरम्यान, अमेरिकेच्या कृषी खात्याने सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी एक निर्णय जाहीर केला. किती कुटुंबांना पुरेसे अन्न मिळत नाही, याची १९९५ पासून दरवर्षी होणारी राष्ट्रीय पाहणी बंद करण्यात आली. ती अनावश्यक, खर्चिक आणि राजकीय हेतूने वापरली जाणारी असल्याचे खात्याचे म्हणणे आहे. या पाहणीनुसार २०२३ मध्ये १३.५ टक्के कुटुंबांना, म्हणजे ४ कोटी ७४ लाख लोकांना अन्नाची शाश्वती नव्हती. अन्नसाहाय्याच्या खर्चातील राज्यांचा वाटा २०२७ मध्ये सुरू होईल, तेव्हा या मालिकेत त्या वर्षाचा आकडा नसेल.